व्यायामशाळा चांगली, आरसे जरा जास्तच
एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ६.१ टक्के आल्यावर, म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यात सापडल्यावर, मी कोथरूडमधील एका व्यायामशाळेचे तीन महिन्यांचे शुल्क भरले. यंत्रे सुस्थितीत आहेत आणि डंबेल्स जागच्या जागी मिळतात. तक्रार आहे ती प्रशिक्षकांच्या दृष्टीबद्दल: साखर आटोक्यात आणायची आहे असे अर्जात स्पष्ट लिहूनही पहिल्याच दिवशी दंडाचा घेर मोजून 'सर, दिवाळीपर्यंत शर्टच्या बाह्या घट्ट होतील' असे आश्वासन मिळाले आणि प्रोटीन पावडरचा डबा पुढे सरकवला गेला. मांड्यांचे मोठे स्नायू काम करताना रक्तातील साखर वापरतात, हे मला डॉक्टरांकडूनच कळले. अर्थात, पट्टा एक भोक आत गेल्यापासून त्या भिंतभर आरशासमोर मीही क्षणभर रेंगाळतो.