बाजारातले तीन क्लच सेट आणि डावा पाय

मॅन्युअल कारचा क्लच संपला की तालुक्याच्या गॅरेजात मिस्त्री तीन पर्याय सांगतो. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला सेट, क्लच बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला सेट (व्हॅलिओ, लूक, एक्सेडी वगैरे), किंवा जुन्याच प्लेटवर नवं फेसिंग (घासणारं अस्तर) मारून आणलेली प्लेट. दुसरा घ्यावा, पहिलाही चांगलाच, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये, असा आमचा कौल आहे. मात्र तीन डब्यांत जेवढा फरक असतो त्याहून जास्त फरक दोन चालकांत असतो. एकाच मॉडेलची गाडी एकाकडे पहिल्या क्लचवर लाखभर किलोमीटर जाते, दुसऱ्याकडे तीस हजारांत प्लेट झिजून रिव्हेटला लागते.

पहिल्या दोन पर्यायांत बरेचदा माल एकाच कारखान्यातला असतो, वरचे पैसे गाडीच्या नावाचे. डबा उघडून बघा: क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब काढणारं रिलीज बेअरिंग, तिन्ही हवेत. काही गाड्यांत बेअरिंग आणि हायड्रॉलिक सिलिंडर एकाच जोडात गिअरबॉक्सच्या आत असतो. तो सेटबरोबर येतोच असं नाही, पण त्याच वेळी बदलावा, कारण नंतर तो गळला तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं आलं. पार्ट नंबर चासी नंबरवरूनच जुळवा. नाव एकच असलं तरी पेट्रोल-डिझेलच्या प्लेटचा व्यास आणि स्प्लाइनचे (गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दात वेगळे असू शकतात. पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, २८ नाही.

फेसिंग मारलेली प्लेट स्वस्त पडते, पण तिच्यातल्या धक्का सोसणाऱ्या स्प्रिंगा जुन्या, स्प्लाइन घासलेले, आणि समोरची प्रेशर प्लेट उष्णतेने आधीच दमलेली. मजुरी मात्र नव्या सेटएवढीच लागते. विकायला काढलेल्या गाडीत लोक हमखास हेच बसवतात, जुनी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

आता सवयी. क्लच झिजतो तो प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारं जड चाक) वेगवेगळ्या वेगाने फिरत एकमेकांवर घासतात तेव्हाच. पेडल पूर्ण दाबलेलं किंवा पूर्ण सोडलेलं असताना फेसिंग झिजत नाही. मधली अवस्था, म्हणजे हाफ क्लच, तेवढी महाग. सपाट रस्त्यावर गाडी उचलताना १५०० आरपीएमऐवजी ३००० ला क्लच सोडला तर प्लेटवर निघणारी उष्णता ढोबळमानाने चौपट होते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणं हेही तसंच. छोट्या कारमध्ये पहिल्या गिअरचा रेशो साधारण साडेतीन, दुसऱ्याचा १.९ असतो. तेवढ्याच आरपीएमला दुसऱ्यात उचललं तर उष्णता तिपटीहून जास्त. गावातल्या ब्रेकरवर गाडी जवळजवळ थांबते आणि आळस म्हणून दुसराच गिअर राहू देतात, तिथे हे रोज दहा-वीस वेळा घडतं. पहिला टाका.

त्यात वजन. डिक्कीत ४५ किलोच्या युरियाच्या चार बॅगा म्हणजे १८० किलो, वर चार माणसं, आणि वावरातून सडकेवर यायचा चढ. अशा वेळी रेस वाढवून क्लच लोंबकळत ठेवण्यापेक्षा हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच धरायला लागल्यावर ब्रेक सोडावा. रेल्वे पुलाच्या चढावर रांगेत थांबतानाही हेच. क्लचवर गाडी अधांतरी धरून ठेवणं म्हणजे फेसिंगचा ब्रेक म्हणून वापर करणं. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात पावसाळी शनिवार-रविवारी बसमागे गाड्या तुंबतात, तेव्हा पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून लगेच सरकू नये. दहा-पंधरा फूट मोकळे होऊ द्या, मग एकदाच उचला.

विदर्भात क्लचचा सगळ्यात मोठा वैरी मात्र पांदण रस्त्याची काळी माती आहे. चाक रुतलं की पुढे-मागे झटके देत हाफ क्लचवर गाडी काढायचा प्रयत्न होतो, आणि पाच मिनिटांत कित्येक महिन्यांची प्लेट जळते. जळका वास आला की थांबा, इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. क्लच झाकणाऱ्या बेल हाउसिंगमध्ये हवा फारशी खेळत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत तर वेळ आणखी लागतो. तोवर चाकासमोरचा चिखल उकरून तुराट्या किंवा पऱ्हाट्या घाला. त्यानेही निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा, तो क्लच सेटपेक्षा स्वस्त पडतो.

क्लच घसरतोय का, हे मोकळ्या सडकेवर कळतं. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० वर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारतात आणि वेग तिथेच, तर प्लेट संपत आली. पण आधी पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे क्लच दबायला लागण्याआधी पेडल जेवढं सैल जातं तेवढं अंतर, तपासा. केबलच्या गाड्यांत तो बहुधा १५ ते २५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. खेळ उरलाच नसेल तर चांगली प्लेटही घसरते, आणि केबल सैल करण्याचं काम दहा मिनिटांचं आहे. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारा आणि दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. त्यासाठी क्लच सेट विकत घेऊ नका.

फिटिंगच्या वेळी उभं राहून बघण्यासारख्या गोष्टी थोड्याच. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर त्याला लेथवर घासून घ्यावं लागतं किंवा बदलावं लागतं, नाहीतर नवा सेटही थरथरतो. काही डिझेल गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असतं, ते घासत नाहीत. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य शाफ्टचं) मागचं ऑइल सील ओलं दिसलं तर आत्ताच बदला. नव्या प्रेशर प्लेटवर गंजरोधक तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. फेसिंगला ग्रीसचे हात लागू नयेत, स्प्लाइनवर मात्र अगदी पुसट ग्रीस. प्लेट उलटी बसू नये, मधोमध आणायला अलाइनमेंट टूल वापरावं, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळावेत. पहिले ५०० किलोमीटर ओझं आणि घाट टाळा.

काढलेली जुनी प्लेट मिस्त्रीकडून मागून घ्या. फेसिंग सगळीकडे सारखं पातळ झालेलं असेल तर ती आपलं आयुष्य जगून संपली. काळपट, चकाकणारी, जळका वास मारणारी असेल तर हाफ क्लच. तेलकट असेल तर सील. प्रेशर प्लेटच्या फिंगरची (रिलीज बेअरिंग जिथे दाबतं त्या पात्यांची) टोकं खोल घासलेली दिसली, तर गाडी चालवताना डावा पाय सारखा पेडलवर टेकलेला असतो.