पीटीझेड डोम कॅमेरा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

पीटीझेड म्हणजे आडवा फिरणारा, वर-खाली मान हलवणारा आणि झूम करणारा कॅमेरा. हा २ मेगापिक्सेलचा, २५ पट ऑप्टिकल झूमचा, अंगचे इन्फ्रारेड दिवे असलेला. बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून ५ मीटर उंचीवर, फाटक आणि त्यापुढचे मोकळे आवार दिसेल असा बसवलेला. दहा महिन्यांत कडक ऊन, सलग पाऊस, धुके सगळे बघून झाले. यंत्र म्हणून तक्रारीला फार जागा नाही. पण सुरुवातीचे दोन महिने या कॅमेऱ्याकडून जेमतेम अर्धे काम झाले, आणि त्यात दोष सेटिंगचा होता.

हा कॅमेरा फिरतो म्हणून घेतला जातो आणि घेतल्यावर तो सतत फिरत ठेवला जातो. साधा हिशोब मांडून बघा. आठ जागा ठरवून प्रत्येक जागी १५ सेकंद थांबण्याची गस्त लावली, तर एक फेरी दोन मिनिटांची होते. म्हणजे फाटक दर दोन मिनिटांतली पावणेदोन मिनिटे दिसतच नाही. चालता माणूस सेकंदाला साधारण सव्वा ते दीड मीटर जातो. तेवढ्या वेळात तो १३० मीटर पार करून नजरेआड होतो. रेकॉर्डिंग पूर्ण भरलेले दिसते, हवा तो क्षण मात्र त्यात नसतो. म्हणून पहिली शिफारस अशी: पीटीझेड एका ठरलेल्या जागी स्थिर उभा राहिला पाहिजे, कारण असेल तेव्हाच हलला पाहिजे आणि काम झाले की आपोआप परत आला पाहिजे. जिथे नजर कधीच हटता कामा नये, तिथे वेगळा स्थिर कॅमेरा लावावा. पीटीझेड त्याची जागा घेत नाही.

आता बसवण्याकडे. उंची ४ ते ६ मीटर ठेवावी. त्याहून वर नेला की जवळच्या माणसाचे फक्त डोके दिसते. ५ मीटरवरून १० मीटर लांबच्या माणसाचा चेहरा साधारण १९ अंश उतरत्या कोनात दिसतो, तो ओळखता येतो. तोच माणूस ४ मीटरवर आला की कोन ४० अंशांपर्यंत जातो आणि कपाळापलीकडे काही हाती लागत नाही. चेहरा टिपायचा तो लांबूनच, झूम करून, हे धरूनच जागा निवडायची.

भिंत की खांब, हा प्रश्न आला तर भिंत. पूर्ण झूमवर, १२० मि.मी. नाभीय अंतराला, या आकाराच्या सेन्सरची आडवी चौकट जेमतेम अडीच अंशांची उरते. १९२० पिक्सेल त्या अडीच अंशांत बसतात, म्हणजे खांब वाऱ्याने एक दशांश अंश जरी डुलला तरी चित्र पाऊणशे पिक्सेल सरकते. रुंद दृश्यात हे कळतही नाही, झूम केल्यावर मात्र पाहवत नाही. खांबच लागणार असेल तर जाड, पायाला काँक्रीट भरलेला घ्यावा आणि कॅमेऱ्यातले स्थिरीकरण सुरू करावे. त्याने थोडी कड कापली जाते, पण चित्र वाचते.

ब्रॅकेटचा हात आखूड घेऊ नये. कॅमेरा भिंतीला किंवा पागोळीला फार चिकटून असला की रात्री इन्फ्रारेडचा उजेड त्या पांढऱ्या भागावरून परततो, एक्स्पोजर त्याला भुलते आणि उरलेले आवार काळे पडते. ३० सेंटीमीटरच्या आसपासचा हात बहुतेक ठिकाणी पुरतो. कॅमेऱ्याचे वजन, आकारानुसार, २ ते ६ किलो असते, शिवाय मोटर सुरू होता-थांबताना झटके देते. त्यामुळे प्लास्टिकचे गिट्टे आणि स्क्रू इथे चालत नाहीत. चारही भोकांत ८ मि.मी. बोल्टचे धातूचे फास्टनर घालावेत. भोक फास्टनरवर छापलेल्या व्यासाचेच, आणि गिलाव्याची जाडी सोडून आत पक्क्या भागात तो पूर्ण बसेल एवढे खोल. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत फास्टनर फुलायला जागाच धरत नाही; तिथे आरपार बोल्ट टाकून मागून पट्टी द्यावी किंवा रासायनिक अँकर वापरावा. ब्रॅकेट कसण्याआधी पाणसळ लावून बघावी. दोन अंशांचा कल राहिला तर कॅमेरा गोल फिरताना क्षितिज एकीकडे चढते, एकीकडे उतरते, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येत नाही.

खोक्यासोबत येणारी सुरक्षेची तार आधी अडकवायची, मग कॅमेरा हाताला लावायचा. ही तार बऱ्याच ठिकाणी खोक्यातच राहून गेलेली दिसते. वीज देण्यापूर्वी लेन्सभोवतीचा फोम आणि चिकटपट्ट्या काढाव्यात. त्या तशाच ठेवून चालू केला की पहिल्याच स्वचाचणीत मोटर अडते.

वीज हा या कॅमेऱ्याचा खरा नाजूक भाग. पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची सोय. साध्या पीओई स्विचचा ८०२.३एएफ मानकाचा पोर्ट १५.४ वॅट देतो, त्यातले १२.९५ वॅट कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याची हमी असते. पीटीझेडला ते पुरत नाहीत. ८०२.३एटी पोर्ट ३० वॅट देतो, कॅमेऱ्याला २५.५ मिळतात; मध्यम आकाराच्या डोमचे त्यात भागते. मोठे, हीटरवाले किंवा लांब पल्ल्याच्या इन्फ्रारेडचे डोम ८०२.३बीटी किंवा स्वतःचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा वेगळा डबा) मागतात. स्विचची एकूण क्षमताही बघावी: आठ पोर्टवर ‘एटी’ लिहिले असले तरी सगळ्यांची मिळून मर्यादा ६० वॅटच असू शकते.

कमी विजेची खूण ओळखायला सोपी आहे. दिवसा सगळे उत्तम चालते. अंधार पडून इन्फ्रारेड लागले आणि त्याच वेळी कॅमेरा फिरला की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू होताना स्वचाचणीसाठी पूर्ण गोल फिरतो, वर-खाली मान हलवतो. रात्री कॅमेरा ‘आपोआप फिरतो’ अशी तक्रार असेल तर आधी लॉगमध्ये पुन्हा सुरू झाल्याच्या नोंदी बघा, मग वीज तपासा. यंत्र बदलून मागण्याची वेळ सहसा येत नाही.

केबल शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची केबल बाहेरून तशीच दिसते, पण तिचा रोध जास्त, आणि ६०-७० मीटरवर वरचाच त्रास सुरू होतो. कमाल लांबी १०० मीटर. दोन्ही टोकांना एकच रंगक्रम ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १२ व्होल्टचा अडॅप्टर लांब ठेवून बारीक वायरने वीज नेण्याचा मोह टाळा. ०.५ चौ. मि.मी. वायर ३० मीटर लांब, प्रवाह २ अँपिअर: जाण्यायेण्यातच चार व्होल्ट गळतात आणि कॅमेऱ्याशी आठच्याही खाली उरतात.

पाण्याचे म्हणाल तर कॅमेरा आयपी६६, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित, असतो; त्यातून बाहेर येणारी केबलची शेपटी तशी नसते. केबलचा जोड नेहमी जंक्शन बॉक्समध्ये घ्यावा, आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, बॉक्समध्ये जात नाही. ब्रॅकेटच्या पाट्याला सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावावे. खालची कड मोकळी सोडावी. चारही बाजू बुजवल्या की आत आलेले दव बाहेर पडत नाही. जोडणीवर पाणी राहिले आणि त्यातून सतत डीसी वीज वाहत असली की पिनांवर हिरवट थर चढतो, चित्र आधी अधूनमधून अडखळते आणि मग एक दिवस जाते. रबरी वायसर असलेले झाकण खोक्यात मिळते. प्लग लावण्याआधी ते केबलमध्ये ओवावे लागते, नंतर बसवता येत नाही. उघड्यावर उंच जागी कॅमेरा असेल तर पीओई चालणारे सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारे) दोन्ही टोकांना लावावेत, आणि त्यांची अर्थिंग प्रत्यक्ष जमिनीत गेलेली असावी. अर्थिंग न केलेला प्रोटेक्टर असून नसल्यासारखा.

नेटवर्कचे काम तासाभराचे. सक्रिय करताना पासवर्ड लांब आणि वेगळा द्यावा, पत्ता स्थिर ठेवावा, वेळ एनटीपीवरून (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) घ्यावी; वेळ चुकलेले रेकॉर्डिंग पुरावा म्हणून लंगडे पडते. दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडताना ऑनव्हिफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे जोडण्याचे सामाईक मानक, वापरावे लागते. चित्र आले पण फिरत नाही, असे झाले तर बहुतेक वेळा ऑनव्हिफसाठीचा वेगळा वापरकर्ता बनवायचा राहिलेला असतो किंवा त्याला फिरवण्याचा अधिकार दिलेला नसतो. एच.२६५ (व्हिडिओ आकसून कमी जागेत बसवण्याची पद्धत) हवे असेल तर दोन्हीकडे ऑनव्हिफचे प्रोफाइल टी असल्याची खात्री करावी. राउटरवर पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर ठेवू नये. २०१६ साली ‘मिराय’ या मालवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे हाताशी धरले होते, बाहेरून बघायचे तर व्हीपीएन वापरावे.

साठवण: एच.२६५, सेकंदाला ४ मेगाबिट दर, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी, तीस दिवसांना १.३ टीबी. सतत गस्त असली की दर हालचालीला पूर्ण चित्र बदलते, आणि ४ मेगाबिटमध्ये चौकोन-चौकोन दिसायला लागतात. गस्त बंद करण्याचे हे आणखी एक कारण.

ठरलेल्या जागा, म्हणजे प्रीसेट, शेकड्यांनी साठवता येतात. प्रत्यक्षात सहा पुरल्या. मूळ जागा रुंद दृश्याची. बाकी पाच फाटकाचा चेहऱ्याच्या उंचीचा भाग, रस्त्याचे दोन तुकडे, मागची भिंत आणि वाहनांच्या नंबरची जागा. किती झूम हवे, याचा हिशोब डोळ्यांनी न करता पिक्सेलने करावा. माणूस ओळखायला एका मीटरमागे २५० पिक्सेल लागतात, नुसता कोणी आहे एवढे कळायला २५ पुरतात. १९२० भागिले २५० म्हणजे चौकट ७.६ मीटरपेक्षा रुंद नको. रुंद दृश्यात ३० मीटरवर चौकट ३३ मीटरची असते, मीटरमागे ५८ पिक्सेल. माणूस दिसतो, कोण ते कळत नाही. म्हणूनच झूमचा प्रीसेट हवा.

प्रत्येक प्रीसेट दिवसा साठवून रात्री पुन्हा तपासावा. इन्फ्रारेडच्या उजेडात फोकस थोडा सरकतो, आणि लांब झूमवर तो फरक उघड दिसतो. किमान फोकस अंतर ३ किंवा ५ मीटरवर बांधून टाकावे. नाहीतर काचेवरचा थेंब किंवा कोळ्याचा धागा हाच कॅमेऱ्याला विषय वाटतो आणि मागचे सगळे धूसर होते. शटर पूर्ण स्वयंचलित ठेवले तर रात्री ते मंदावते, चालणारा माणूस ओढल्यासारखा दिसतो. १/५० सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नये. चित्रात थोडे दाणे येतील, ते चालतील. दाणेदार चेहरा ओळखता येतो, ओढलेला नाही. नंबरपट्टीच्या जागेला मात्र १/५०० किंवा त्याहून जलद शटर लागते, कारण पट्टी इन्फ्रारेड थेट परत फेकते आणि संथ शटरला नुसता पांढरा आयत मिळतो.

सगळ्यात उपयोगी सेटिंग ‘पार्क’चे. कोणी हाताने फिरवला आणि विसरला, तर ६० सेकंदांनी कॅमेरा मूळ जागी परत. वीज गेल्यावरही मूळ जागीच उभा राहावा, ही सोय बहुतेक वेळा वेगळ्या पानावर असते. शोधून चालू करावी.

स्वयंचलित पाठलागाबद्दल मत संमिश्र. मोकळ्या आवारात एकटा माणूस असेल तर तो सुंदर धरला जातो. दोघे एकमेकांना ओलांडून गेले की कॅमेरा भलत्याच्याच मागे जातो. हलणारी फांदी चौकटीत असली तर तिच्यापाशी अडकतो. पाठलागाची मुदत ३० सेकंद ठेवली आणि सुरुवात फक्त फाटकाच्या रेषेवरून केली, तेव्हा चुका बऱ्याच घटल्या. शेजारच्या खिडक्यांवर चित्रात गोपनीयतेचा पडदा (तेवढा भाग झाकणारा चौकोन) टाकलाच पाहिजे. तो खिडकीपेक्षा थोडा मोठा आखावा, कारण वेगात फिरताना पडदा किंचित मागे राहतो.

हाताने फिरवताना चित्र अर्धा-एक सेकंद उशिरा येते, त्यामुळे बाण दाबून धरला की नेम पुढे निघून जातो. चित्रावर चौकोन आखून थेट तिथे जाण्याची सोय असेल तर तीच वापरावी.

देखभालीत कोळी हा पहिला शत्रू. इन्फ्रारेडवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळ्यावरून परतणारा उजेड रात्रभर खोटे इशारे देतो. दर तीन आठवड्यांनी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने साफ करावे लागले. पारदर्शक प्लास्टिकच्या डोमला अल्कोहोल लावू नये, बारीक तडे जातात. पाणी, सौम्य साबण आणि मायक्रोफायबर पुरे. आठव्या महिन्यात प्रीसेट थोडे सरकलेले दिसले; कॅमेरा पुन्हा सुरू केल्यावर स्वचाचणीत जागेवर आले, तेव्हापासून आठवड्यातून एकदा पहाटे आपोआप पुन्हा सुरू होण्याची वेळ लावली आहे. त्याच वेळी ब्रॅकेटचे चार नट तपासले, एक पाव फेरा सैल निघाला. आता ते दर सहा महिन्यांनी कसायचे.