आयसीएमआरचे समान एथिक्स अर्ज : ऊसतोडीच्या अभ्यासाला कितपत पुरतात?

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) संशोधनातल्या नीतिनियमांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून एथिक्स कमिट्यांसाठी, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समित्यांसाठी, काढलेला हा अर्जांचा संच फुकट डाउनलोड होतो. मूळ अर्ज, तपासणीतून सूट, एक्स्पिडायटेड रिव्ह्यू (जलद तपासणी), प्रोटोकॉलमधला (अभ्यासाच्या लेखी आराखड्यातला) बदल, वार्षिक अहवाल, प्रत्येकाचा नमुना वेगळा. मूळ अर्जाच्या शेवटी असलेली चेकलिस्ट सगळ्यांत कामाची; ती आधी वाचावी. सूट मागण्याच्या अर्जाबद्दल मात्र गैरसमज फार. ‘रक्त घेत नाही, नुसती प्रश्नावली आहे’ म्हणून परवानगी नको, असं गाईडने (संशोधनाच्या मार्गदर्शकाने) ठरवून चालत नाही. सूटही कमिटीच देते.

खरा कस लागतो सहभागींच्या भागात. सांगली जिल्ह्यातल्या फडावर मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड बायकांचा अभ्यास धरा. ‘व्हल्नरेबल’ (सहज दबावाखाली येणाऱ्या) गटावर टिक केली की भागत नाही, त्यांच्या संरक्षणासाठी काय करणार तेही लिहावं लागतं. उचल (आगाऊ पैसे) मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या म्होरक्याकडून, घेतलेली असते. तो ‘विचारा हिला’ म्हणाला, तर ती बाई नाही म्हणणार कशी? म्हणून मुकादमाची परवानगी फडावर जाण्यापुरती. संमती तिची स्वतःची, नवऱ्याने तिच्या वतीने दिलेली चालत नाही. वाचता येत नसेल तर तिचा अंगठा आणि निःपक्ष साक्षीदाराची सही. मुकादम किंवा टीममधला माणूस निःपक्ष नव्हे. दिवसा मुलाखत घेतली तर खाडा पडायची भीती, त्यामुळे संध्याकाळी खोपीवर जाणं बरं. बुडालेल्या मजुरीचे पैसे देणार असाल तर रक्कम अर्जात लिहून मंजूर करून घ्या.

संच कमी पडतो तो माहितीपत्रकाच्या भाषेत. ‘सहभाग ऐच्छिक असून गोपनीयता अबाधित राखली जाईल’ हे मराठी खोपीवर कुणाला कळणार? ‘तुमचं नाव प्रश्नावलीवर लिहिणार नाही. मधेच उठून गेलात तरी चालेल. दवाखान्यातल्या उपचारात फरक पडणार नाही,’ असं लिहा. जत तालुक्यात कन्नड बोलणाऱ्यांसाठी कन्नड पत्रक हवं, आणि ते दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर करून ताडून घ्यायला हवं. प्रत्येक पत्रकावर व्हर्जन नंबर आणि तारीख टाका. प्रोटोकॉलमध्ये सॅम्पल साईज (सहभागींची संख्या) एक आणि अर्जात दुसरा, एवढ्यावरून फाईल परत येते.

संचाला पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो या पत्रकापायी.

वेळेचं गणित अर्जात कुठेच नाही, पण तेच अभ्यास बुडवतं. पूर्ण कमिटीच्या बैठकीला किमान ५ सदस्यांचा कोरम लागतो, मग शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात. टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात आणि हंगाम संपला की गावी जातात. फाईल पावसाळ्यातच द्या. मुलाखती उरकून मागाहून मंजुरी मिळत नाही. आणि फडावर गेल्यावर एखादा प्रश्न वाढवावासा वाटला, तरी आधी बदलाचा अर्ज, मंजुरी, मगच तो प्रश्न.