कुटुमसर गुहा (कांगेर घाटी, बस्तर): गाईडसोबतची फेरी कशी आहे?

कुटुमसरला गाईडशिवाय आत सोडत नाहीत, आणि हे बरंच आहे. छत्तीसगडमधल्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली ही चुनखडीची गुहा जगदलपूरपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. आंध्रातल्या बोर्रा गुहेसारखी रंगीत रोषणाई इथे मिळणार नाही. उजेड असतो तो गाईडच्या हातातल्या दिव्याचा आणि तुम्ही नेलेल्या टॉर्चचा. गुहा पाहायची हीच योग्य पद्धत आहे असं आमचं मत, पण गुडघे दुखणाऱ्यांनी आणि कोंडल्या जागेची धास्ती असणाऱ्यांनी पुढचं वाचूनच ठरवावं.

नाक्यावर उद्यानाचं तिकीट काढायचं आणि तिथून जंगलातल्या कच्च्या रस्त्याने जिप्सीने गुहेपर्यंत जायचं. एका गाडीत साधारण सहा जण बसतात. दोघंच गेलात तर जोडीदार मिळेपर्यंत थांबा, नाहीतर पूर्ण गाडीचे पैसे मोजा. दर बदलत असतात, त्यामुळे गाडी, तिकीट आणि गाईड यांचा वेगवेगळा हिशोब आधीच विचारून घ्यावा. जाऊन-येऊन अडीच-तीन तास धरा, त्यातला तासभर गुहेत. स्वच्छतागृहाचं काम नाक्यावरच उरकून घ्यायचं.

फेरीतला सगळ्यात अवघड भाग पहिल्या पाच-दहा मिनिटांतच येतो. तोंड म्हणजे डोंगराच्या कुशीतली उभी, अरुंद भेग. तिथून पायऱ्यांनी वळत-वाकत उतरायचं. वाट एकाच माणसाची, त्यामुळे खालून वर येणारा गट भेटला की सगळे अडकतात. गाईडने वरच थांबायला सांगितलं तर थांबा, कारण मध्ये गाठ पडली तर कडेला सरकायलाही जागा नसते. डोक्याला टेंगूळ येतं ते वाकताना क्वचितच. पुढचा माणूस सरकला म्हणून घाईने ताठ होताना येतं. म्हणून एक हात डोक्यावर ठेवून सरळ व्हावं. पाठीवरची मोठी सॅक इथे निव्वळ अडचण करते, गाडीतच ठेवा.

खाली आलं की जागा एकदम मोकळी होते. मुख्य भाग सुमारे ३३० मीटर लांब आहे आणि त्याला बाजूला फाटे फुटलेत. जमिनीवर ओली चिकणमाती आणि गुळगुळीत खडक. घसरण्याचे प्रकार होतात ते मान वर करून चालताना. छत पाहायचं असेल तर आधी पाय थांबवा. चप्पल किंवा झिजलेल्या तळव्याचे बूट नकोत. खाचा असलेला रबरी तळवा हवा. हेडलॅम्प असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात.

कपड्यांबाबत बाहेरच्या थंडीवर जाऊ नका. डिसेंबरच्या सकाळी जंगलात कुडकुडायला होतं, आत मात्र वर्षभर २५ ते २९ अंशांच्या आसपास तापमान आणि भरपूर दमटपणा. स्वेटर गाडीत काढून ठेवावा. गार कॅमेरा आत नेला की भिंगावर लगेच धुकं धरतं. तो पुसत बसू नका, दहा मिनिटं उघडा ठेवा, आपोआप निवळतो. फ्लॅश तर वापरूच नये: वटवाघळं बिथरतात आणि समोरून पडलेल्या उजेडात लवणस्तंभ (थेंबाथेंबाने साचलेले चुनखडीचे खांब) कागदी दिसतात. सोबत्याला टॉर्च बाजूने धरायला सांगा, मग पृष्ठभागावरच्या चुण्या उठून दिसतात.

आता गाईडविषयी. स्थानिक मुलं आहेत, वाट पाठ आहे, कुठे पाय सरकेल ते पावलापावलाला सांगतात. त्या बाबतीत पैकीच्या पैकी गुण. माहितीचा भाग मात्र ठरीव असतो: हा गणपती, हा हत्ती, ही शंकराची पिंड. लहान मुलांना मजा येते, मोठ्यांनी मध्येच थांबवून दोन गोष्टी दाखवायला सांगाव्यात. पहिली म्हणजे थेंब. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आलेलं पाणी चुनखडी विरघळवत खाली झिरपतं. गुहेच्या हवेत तो वायू निसटला की पाण्यातलं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचंच खनिज, बाहेर बसतं. छताला लटकलेल्या स्तंभाच्या टोकाशी थेंब दिसला म्हणजे त्याची वाढ चालू असण्याची शक्यता. त्याला हात लावला तर कातडीवरचं तेल चिकटतं आणि नवा थर नीट धरत नाही. पूर्वीच्या पर्यटकांनी मोडून नेलेल्या स्तंभांचे बुंधेही दिसतात. आत उदबत्ती लावण्याला तर सरळ विरोध करावा. धूर बाहेर जायला वाट नाही. गर्दीच्या श्वासानेही कार्बन डायऑक्साइड वाढतो. डोकं जड वाटलं किंवा दम लागला तर लाजू नका, गाईडला सांगून परत फिरा. दमेकऱ्यांनी गर्दीचा दिवस टाळावाच.

दुसरी गोष्ट मासे. डबक्यांत बोटाएवढे, फिकट, डोळे खुरटलेले मासे असतात. गाळ ढवळला तर काहीच दिसत नाही, तेव्हा काठाशी स्थिर उभं राहून तिरका, मंद उजेड टाकायचा. ज्या जातीत यांची गणना होत आली, तिचं पहिलं वर्णन मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये केलं, तेही पुण्याच्या माशांवरून. म्हणजे आपल्या ओढ्यातल्या डोळस माशाचे हे अंधारातले भाऊबंद. भिंतींवर लांब मिशांचे गुहेतले रातकिडेही सापडतात. त्यांच्या जातीच्या शास्त्रीय नावातलं ‘शंकरी’ हे १९५०च्या दशकात गुहेचा अभ्यास करणाऱ्या प्रा. शंकर तिवारी यांच्यावरून आलं आहे.

याच उद्यानातल्या दंडक गुहेतल्या एका लवणस्तंभाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या थरांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) इ.स. ६०० ते १५०० या काळातला मान्सूनचा चढउतार मांडला आहे. त्यात चौदाव्या शतकात पाऊस बराच घटलेला दिसतो, आणि आपल्याकडचा दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ चा! फेरीत हे कानावर पडेलच असं नाही, पण ठाऊक असलं तर समोरचा ‘हत्ती’ वेगळाच दिसतो.

शेवटी एक विनंती गाईडला जरूर करावी: सगळ्यांचे दिवे मिनिटभर बंद करायची. मोबाइलचे पडदेसुद्धा. गट मोठा असेल तर हे जमत नाही, कोणीतरी शिट्टी मारतंच. म्हणून आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळच्या पहिल्या फेरीला जावं. दिवाळीची सुट्टी आणि वर्षअखेर टाळलेली बरी.

एकूण पाचपैकी चार. एक गुण कापला तो ठरीव माहितीसाठी आणि गर्दीत होणाऱ्या घाईसाठी. दिवस उरलाच तर तीरथगडचा धबधबा जवळच आहे. तिथेही पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असतात, तेव्हा गुहा आधी करा.

पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं आणि ती बंद असते, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. रायपूरहून जगदलपूर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर पडतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचा बेत असेल तर निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. पाऊस लांबला की आतलं पाणी ओसरायला आणि वाट उघडायला उशीर होतो.