जुनी कंबरदुखी आणि ध्यान: दिवाळीपासून आजपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. कंबर अजून दुखते. रोज नाही, पण दुखते. फरक पडलाय तो दुखायला लागल्यावर माझं काय होतं त्यात. पूर्वी चमक निघाली की तो दिवस गेलाच. आता धरणार, आता आडवं पडावं लागणार, उद्या सुट्टी टाकावी लागणार, हेच डोक्यात. आता चमक निघते, मी जरा थांबतो आणि हातातलं काम पुढं चालू करतो. दिवाळीच्या सुमारास माइंडफुलनेसचं, म्हणजे जे जाणवतं त्याकडं नुसतं लक्ष देण्याचं ध्यान धरलं, आता मृगही होऊन गेला.

माझं काम टॉवेलच्या कारखान्यात, हिशेबाचं. घर सोलापूरच्या पूर्व भागात, कारखाना अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, मध्ये दुचाकी. दिवसभर खुर्ची आणि महिनाअखेरीला रात्रीपर्यंत खुर्ची. शेक, मलम, कंबरपट्टा, ट्रॅक्शन, ओळखीच्या वैद्यांचं तेल, सगळं झालं होतं. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ची, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं काही कारण नाही, चाला आणि वजन उतरवा. पण मला ती फुगलेली गादी सोडेना. खाली वाकलो की डोळ्यासमोर ती फिल्म.

फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी एकदा सरळ सांगितलं, "काका, तुमच्या वयाच्या, काहीच न दुखणाऱ्या शंभर जणांचा एमआरआय काढला तरी साठेक जणांत असंच दिसेल." मी घरी येऊन शोधलं. खरंच आहे. २०१५ साली तीन हजारांहून जास्त न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून आढावा घेतलाय. विशीत तीस टक्के, पन्नाशीत साठ टक्के, ऐंशीत चौऱ्याऐंशी टक्के लोकांची गादी फुगलेली, आणि तक्रार काहीच नाही. माझ्या मते माझा इलाज तिथंच सुरू झाला, ध्यान त्यानंतर आलं. ध्यानाचं नावही त्या ताईंनीच काढलं.

हा प्रकार अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केला, औषधांनी पुरतं बरं न वाटणाऱ्या रोग्यांसाठी. आठ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस, आणि घरी रोज पाऊण तास. बसून श्वासाकडं लक्ष, हलकी योगासनं, आणि पडल्या पडल्या अंगभर लक्ष फिरवणं, त्याला बॉडी स्कॅन म्हणतात. मूळ बौद्ध ध्यानातलं आहे, पण शिकवताना धर्म बाजूला ठेवतात. मी पॅलूस माइंडफुलनेस नावाचा मोफत ऑनलाइन कार्यक्रम धरला. तो इंग्रजीत आहे. कानात इंग्रजी पडायला लागलं की मला ऑडिटची आठवण होते, म्हणून पुतणीला सांगितलं, तू मराठीत वाचून मोबाइलवर भरून दे. तिनं स्वयंपाकघरात बसून भरलं. त्यामुळं त्यात डाव्या मांडीच्या सूचनेपाशी कुकरची शिट्टी आहे. पहिले काही दिवस त्या शिट्टीला दचकायचो, आता ती झाली की कळतं, कंबर जवळ आली.

सकाळी फरशीवर सोलापुरी चादर दुहेरी घालतो, गुडघ्याखाली उशी, आणि पडतो. डाव्या अंगठ्यापासून सुरुवात. बोटं, तळवा, घोटा. काही करायचं नसतं, तिथं काय जाणवतं ते बघायचं. गार, गरम, मुंग्या, काहीच नाही, जे असेल ते. कंबरेपाशी आलं की खरी गंमत. इतकी वर्षं मी "अख्खी कंबर दुखते" म्हणत आलो. नीट बघितलं तर मणक्याच्या डाव्या बाजूला रुपयाएवढी जागा, तिथं ऊब आणि ओढ, बाकी कंबर जवळजवळ गप्प. ती जागासुद्धा एका ठिकाणी राहत नाही, जरा खाली सरकते, मध्येच विझते, परत येते. आणि दुसरं दिसलं ते जबड्याचं. दुखायला लागलं की मी दात आवळतो, श्वास धरतो आणि पोट आत ओढून ठेवतो. म्हणजे रुपयाएवढ्या जागेपायी अर्धं अंग कामाला लागलेलं. दात सोडले की दुखणं जात नाही, पण बाकीचं अंग मोकळं होतं. हे कुणी सांगून पटलं नसतं.

सुरुवातीचे आठवडे मात्र वाईट जातात, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. एरवी कामाच्या नादात जे विसरतो त्याच्याकडंच बघत पडायचं, त्यामुळं दुखणं वाढल्यासारखं वाटतं. वैतागून सोडून द्यावंसं वाटतं. त्यात आमच्या गल्लीत पहाटेपासून यंत्रमागांची खटखट. आवाज बंद करता येत नाही, तर तोही ऐकायचा, एवढीच सूचना होती. ते जमायला लागलं तेव्हा कंबरेचंही थोडं थोडं जमायला लागलं. घरात चेष्टा झालीच. ही म्हणाली, "अहो, झोपायचंच आहे तर आत गादीवर झोपा की." कारखान्यात दुपारी खुर्चीत डोळे मिटले की मित्र विचारतो, "काय बे, लागली का?" खरं सांगायचं तर कधीकधी लागलेलीच असते.

रोजच्या जगण्यात फरक कुठं कळला? पाण्याच्या दिवशी. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलं की घागरी, पिंपं, हौद सगळं एका झटक्यात भरायचं. पूर्वी त्या दिवशी मी आधीपासूनच घाबरलेला, कंबर ताठ करून वाकणार, आणि हमखास उसण भरणार. आता घागर उचलायच्या आधी श्वास सोडतो, गुडघ्यात वाकतो, अर्धीच भरतो. दुसरं म्हणजे गड्ड्याची जत्रा. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते पेलत चालतात. गेली काही वर्षं मी एखाद्या ओट्यावर बसून बघायचो. यंदा मिरवणुकीबरोबर बराच पल्ला चाललो. संध्याकाळी दुखलं, गोळीही घेतली, पण दुसऱ्या दिवशी कामावर होतो.

आता हे सगळं माझ्या मनाचं आहे की त्याला काही आधार आहे? अमेरिकेत सिॲटलच्या भागात ३४२ जणांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, सगळे जुनी कंबरदुखी असलेले. काहींना हे ध्यान, काहींना सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत, काहींना नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी हालचाल आणि कामं करण्यात लक्षणीय सुधारणा ध्यानवाल्यांत ६०.५ टक्के, सीबीटीवाल्यांत ५७.७ आणि नेहमीच्या उपचारांत ४४.१ टक्के लोकांत दिसली. माझ्यातल्या हिशेबनीसाला यातलं शेवटचं कलम आधी दिसतं: काही वेगळं न करताही चव्वेचाळीस टक्के लोक सुधारले. म्हणजे ध्यानाच्या खात्यावर जमा होतात ते मधले सोळाएक टक्के. कमी नाहीत, पण चमत्कारही नाही. सीबीटीपेक्षा ध्यान वरचढ ठरलं असंही नाही. आणि त्या चाचणीत आठपैकी सहा वर्गांना हजर राहिलेले निम्म्याच्या आसपासच होते. माणूस कुठलाही असो, रोज पाऊण तास काढणं सोपं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं जुन्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत व्यायाम, योग यांच्याबरोबर हे ध्यानही धरलं.

नुसत्या ध्यानावर मी राहिलो नाही, हे लिहिलं पाहिजे. ताईंनी दिलेले व्यायाम चालू आहेत, सकाळी कंबर तलावाच्या बाजूला चालतो (नाव तेच आहे, हसू नका), खुर्ची बदलून घेतली. यातलं नेमकं कशानं किती झालं ते वेगळं काढता येणार नाही. माझा अंदाज, चालण्याचा वाटा मोठा. पण चालायला बाहेर पडायची भीती ध्यानानं घालवली.

जे जमलं नाही तेही सांगतो. मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की पहाटेसुद्धा फरशी तापलेली, त्या दिवसांत स्कॅन बुडाला. पायात कळ उतरते तेव्हा ध्यानाचा उपयोग मला शून्य. महिनाअखेरीला पाऊण तास मिळतच नाही, वीस मिनिटांवर भागवतो.

बरेच जण म्हणतात, मग इगतपुरीला विपश्यनेलाच जा की. ते दहा दिवसांचं शिबिर, बहुतेक सगळं मौनात, आणि दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान. शिबिराचे पैसे घेत नाहीत, देणगीवर चालतं, आदर आहे. पण ती साधना आहे, कंबरेचा इलाज म्हणून ते स्वतःही सांगत नाहीत. उलट आपल्याकडं एका शिबिरात "ध्यानानं गादी जागेवर बसते" असं सांगून आगाऊ पैसे मागितले, तिथून मी चहा न घेता उठलो.

लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, जांघेत बधिरपणा असेल, पायातली ताकद कमी होत असेल, किंवा कंबरेबरोबर ताप आणि विनाकारण वजन घटणं असेल, तर चादर घालून पडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकीच्यांनी करून बघायला खर्च काहीच नाही. मराठीत हवं असेल तर घरातल्याच कुणाकडून सावकाश वाचून भरून घ्या, दोन वाक्यांत भरपूर जागा सोडायला सांगा. आमच्या पोरीनं उजव्या गुडघ्यापाशी फार घाई केली आहे, तिला क्लासला जायचं होतं.