धुळीच्या शूटवर आरी अलेक्सा मिनी

आरी अलेक्सा मिनी हा सिनेमाचा छोटा डिजिटल कॅमेरा. पोटात धूळ सहसा जात नाही, हे मिनीचं खरं बळ. हवेचा मार्ग इलेक्ट्रॉनिक्सपासून वेगळा आहे, म्हणजे पंखा धूळ ओढतो ती रेडिएटरवरच (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर) बसते. पण म्हणून तिला रेनकव्हरमध्ये घट्ट गुंडाळू नका. हवेची तोंडं बंद झाली की पंख्याचा वेग आणि आवाज वाढतो आणि साउंडवाला ओरडतो. ही तोंडं मोकळी ठेवून वरून सैल कापड पुरे. पॅकअपनंतर रेडिएटर व्हॅक्यूमने ओढून घ्या. कॉम्प्रेसर लावलात तर धूळ आणखी आत ठासली जाते.

कॅमेऱ्यातच बसवलेला एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा फिल्टर (०.६, १.२, २.१ अशा चढत्या गडदपणाचा), इथे सोन्यासारखा. उन्हात सारखे काचेचे फिल्टर बदलावे लागत नाहीत. लेन्सपुढे मात्र एक क्लिअर (साधी पारदर्शक काच) ठेवाच; ओरखडा त्या काचेवर पडलेला परवडतो.

खरी दुखरी जागा माउंट, म्हणजे लेन्स बसते ते कॅमेऱ्याचं तोंड. लेन्स बदलताना ते तोंड खाली, गाडीची दारं बंद, दुसरी लेन्स हातात तयार. शक्यतो दिवसभर एकच झूम लेन्स. लेन्स बदलल्यानंतर टी-२२ वर (लेन्सचं छिद्र अगदी लहान करून) आउट-ऑफ-फोकस पांढरा कागद दाखवून मॉनिटरवर धुळीचे ठिपके तपासा. ठिपका दिसला तर एनडी काढून बघा: गेला तर धूळ फिल्टरवर, राहिला तर सेन्सरपाशी (चित्र टिपणाऱ्या चिपजवळ). आधी हातपंपाचा ब्लोअर. डब्यातली गॅसची हवा नको, तिचे थेंब उडतात आणि डाग पडतो.