स्टॅटकाउंटर ग्लोबल स्टॅट्स : कोण कुठलं विंडोज वापरतंय हे बघायचं असेल तर

आम्ही सार्वजनिक वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करतो. दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी, पुस्तकांची देवघेव असं सगळं त्यात आहे आणि ते फक्त विंडोजवर चालतं. त्यामुळे नवी आवृत्ती काढायची वेळ आली की दोन प्रश्न हमखास येतात. जुन्या विंडोजला कुठवर सांभाळायचं, आणि लिनक्ससाठी, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीसाठी, वेगळं काही करायचं का? त्यासाठी मी स्टॅटकाउंटरची ग्लोबल स्टॅट्स ही फुकट सेवा वापरते; कुठल्या देशात कुठली प्रणाली किती टक्के वापरली जाते त्याचे आलेख ती दाखवते. या कामाला तिच्याहून बरं काही मला मिळालेलं नाही. तरीही तिथला टक्का जसाच्या तसा उचलून निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी चांगलं सांगते. ही डब्लिनची कंपनी १९९९ पासून वेबसाइटवाल्यांना भेटी मोजून देते. जगभरातल्या पंधरा लाखांहून जास्त साइटवर तिचा कोड बसवलेला आहे आणि त्या नोंदींतूनच हे आलेख तयार होतात. आकडे जानेवारी २००९ पासूनचे आहेत. देश भारत, उपकरण डेस्कटॉप, मग विंडोजची आवृत्ती, एवढं निवडलं की रेष समोर येते. खाली सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी आकड्यांची फाइल, उतरवून घ्यायची सोय आहे. खातं उघडावं लागत नाही, आणि श्रेय देऊन आकडे कुठंही छापता येतात. पद्धतही त्यांनी लपवलेली नाही. आपण माणसं मोजत नाही, उघडलेली पानं मोजतो, आणि देशांच्या लोकसंख्येनुसार वजन देत नाही (म्हणजे आकडे कमी-जास्त करत नाही), हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. प्रसिद्ध केलेले आकडे ४५ दिवसांपर्यंत बदलू शकतात, हेसुद्धा. हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो. नेटमार्केटशेअर ही अशीच दुसरी सेवा माणसं मोजायची आणि देशवार वजनही द्यायची, पण तिची जुनी मोजणी २०२० च्या अखेरीस थांबली. तेव्हापासून दोन आकडे शेजारी ठेवून ताडून बघायची सोय गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

उपकरण निवडायला विसरू नका. मार्च २०१७ मध्ये अँड्रॉइड ३७.९३ टक्के आणि विंडोज ३७.९१ टक्के असा निकाल लागला आणि विंडोज मागे पडल्याच्या बातम्या झाल्या. बातमी खरीच होती, पण ती फोन आणि कॉम्प्युटर एकत्र धरून. आमच्यासारख्यांनी डेस्कटॉपचा आलेख वेगळा काढूनच बघायला हवा.

आता मोजणी होते कशी ते बघा. ब्राउझर पान मागताना आपली ओळख सांगतो. विंडोज ७ असेल तर त्या ओळीत ‘विंडोज एनटी ६.१’ असतं, विंडोज १० असेल तर ‘१०.०’. विंडोज ११ वरही ‘१०.०’ च असतं! खरी आवृत्ती ब्राउझरला वेगळी विचारावी लागते. क्रोम आणि एज ती सांगतात, फायरफॉक्स सांगत नाही. मॅकची तऱ्हा आणखी अवघड आहे. मशीनवर कितीही नवी प्रणाली असली तरी ब्राउझर १०.१५ हाच जुना क्रमांक सांगतात, म्हणून आलेखात २०१९ ची कॅटालिना अजून ठाण मांडून बसलेली दिसते. त्यात २०१९ पासून आयपॅडवरची सफारीही स्वतःला मॅक म्हणवते. मॅकच्या आवृत्त्यांचा आलेख मी उघडतच नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये जगाच्या आलेखात विंडोज ७ एकदम नऊ टक्क्यांच्या पुढे गेलं. त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये निरोप दिलाय, क्रोमही त्यावर १०९ व्या आवृत्तीनंतर मिळत नाही. विंडोज १० चा आधार संपायला महिना उरलेला असताना लोक इतक्या मोठ्या संख्येनं सातकडे वळले, हे मला अजिबात पटत नाही. एका महिन्याची उडी मी धरत नाही, दोन-तीन वर्षांचा उतार धरते. तो उतार मात्र विश्वासाचा असतो.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी दर्जात सगळ्यात खालच्या, वाचनालयात काउंटरवर विंडोज ७ चं मशीन असतं, त्याला बारकोड स्कॅनर आणि पावतीचा प्रिंटर जोडलेला. नेट असतं ग्रंथपालांच्या फोनवर. त्या मशीनवर दिवसभर नोंदी होतात, पण वेबपान एकही उघडत नाही. म्हणजे मोजणीत ग्रंथपाल अँड्रॉइडच्या खात्यात जातात आणि मशीन कुठंच नसतं. पेजमेकर आणि श्रीलिपीवर पत्रिका जुळवणाऱ्या कितीतरी डीटीपीवाल्यांचंही असंच. आपल्याकडे कॉम्प्युटर हे अनेक ठिकाणी एकाच कामाचं यंत्र आहे, आणि वेबवरची कुठलीही मोजणी तिथं पोचत नाही.

लिनक्सचं तसंच. डेस्कटॉपवर ते जगात फेब्रुवारी २०२४ मध्ये चार टक्क्यांवर गेलं आणि भारतात त्याच वर्षाच्या मध्याला पंधराच्या पुढे. आकडा बघून आमच्याकडे लगेच उत्साह आला. पण केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली प्रणाली चालते, आणि आयटीतली मंडळी दिवसभर ब्राउझरमध्येच असतात. या पंधरात त्यांचा वाटा किती आणि सांगली-परभणीच्या वाचनालयांचा किती, ते कळायला मार्ग नाही, कारण भारताचे राज्यवार आकडे इथं मिळत नाहीत.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाचं सर्वेक्षण खेळणाऱ्यांपुरतं आणि ऐच्छिक आहे. आशियातल्या सायबर कॅफेंमुळे २०१७ मध्ये त्यात चिनी वापरकर्ते फुगून दिसत होते, ते स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये दुरुस्त केलं. लिनक्सच्या प्रकारांची माहिती देणाऱ्या डिस्ट्रोवॉच या साइटची क्रमवारी म्हणजे तिथं कुठल्या लिनक्सचं पान किती उघडलं गेलं एवढंच, आणि ते स्वतःही तसंच सांगतात.

माझे पाचपैकी चार तारे. एक कापला तो राज्यवार आकड्यांसाठी. ते दिले तर मी पैसे भरून घेईन. आमच्यापुरतं सांगायचं तर नवी आवृत्ती क्यूटी ५.१५ वरच (क्यूटी म्हणजे आमचं सॉफ्टवेअर ज्यावर बांधलंय तो तयार साचा) राहणार आहे, कारण क्यूटी ६ ला किमान विंडोज १० लागतं. हा निर्णय आलेखावरून घेतलेला नाही. सॉफ्टवेअर बसवायला जाणारी आमची मुलं प्रत्येक वाचनालयातल्या मशीनची विंडोज लिहून आणतात, त्या यादीवरून घेतलाय. लिनक्सचा विषय ती यादी बघूनच पुढच्या वर्षी पुन्हा काढू.